तासाचा भाव : अलाइड हेल्थकेअरचं प्रकरण

५ नोव्हेंबर २०१८, सोमवार. आपल्याकडे त्या दिवशी धनत्रयोदशी होती. इंग्लंडमध्ये मात्र ८४ कौन्सिलांच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या, कचेऱ्यांत एक पत्र येऊन पडलं होतं आणि ते वाचून तिथल्या अधिकाऱ्यांच्या पोटात गोळा आला होता. पत्र केअर क्वालिटी कमिशनचं, म्हणजे तिथल्या शुश्रूषा-सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या नियामक संस्थेचं. मतलब एवढाच की, अलाइड हेल्थकेअर ही कंपनी तुमच्या भागातल्या म्हाताऱ्या-आजारी माणसांच्या घरी जाऊन त्यांचं करते. ३० नोव्हेंबरनंतर हातात पैसा असेल याची खात्री ती आम्हाला देऊ शकलेली नाही. सेवा कोलमडण्याचा धोका खरा आहे, तेव्हा पर्यायाच्या तयारीला लागा.

माणसं ९,३०० च्या आसपास. हातात २५ दिवस.

कंपनी बुडणं ही काही नवलाची गोष्ट नाही. पण कपड्यांचं दुकान बंद पडलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. इथे गिऱ्हाईक अंथरुणातून उठूच शकत नाही, उठवायला येणारी बाई त्या कंपनीची आहे. आणि ही कंपनी गिऱ्हाईक मिळेना म्हणून बुडत नव्हती. गिऱ्हाइकांची रांग होती. मग भोक कुठे होतं? या प्रकरणात मला रस आहे तो एवढ्यासाठीच.

कॉल म्हणजे काय

घरी येऊन शुश्रूषा म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांसमोर ब्युरोची मावशी येते. बारा तासांची किंवा चोवीस तासांची. पैसे घरचे देतात, दर घरचे आणि ब्युरोवाले मिळून ठरवतात, मावशी नाही पटली तर 'बदली पाठवा' म्हणून फोन जातो. इंग्लंडमध्ये मुक्कामी बाई ठेवणारी घरं थोडी. तिथे 'कॉल' असतो. सकाळी अर्धा तास, दुपारी पंधरा मिनिटं, संध्याकाळी अर्धा तास, रात्री झोपवायला पुन्हा पंधरा मिनिटं. त्या अर्ध्या-पाव तासात केअररने यायचं, करायचं आणि पुढच्या दाराकडे पळायचं.

अशी एक सकाळची फेरी पाहा. दाराशेजारी भिंतीवर किल्लीची छोटी लोखंडी पेटी असते. आकडे जुळवायचे, किल्ली काढायची, आत शिरतानाच मोठ्याने हाक द्यायची, म्हणजे आतलं माणूस दचकत नाही. मग घरच्या फोनवरून किंवा मोबाइलवरून हजेरी लावायची, कारण कौन्सिल मिनिटांचे पैसे देते. आजीला कुशीवर वळवायचं, ओलं झालेलं पॅड काढायचं, पुसायचं, पाठीवर कुठे लाल चट्टा दिसतोय का बघायचं, क्रीम लावायचं, कपडे घालायचे, चाकाच्या खुर्चीत बसवायचं. चहा, टोस्ट. गोळ्यांच्या डबीतला सकाळचा कप्पा समोर रिकामा करून घ्यायचा. वहीत नोंद. पुन्हा हजेरी. तीस मिनिटांचा कॉल सव्वीस मिनिटांत आटोपला तर बऱ्याच ठिकाणी बिल सव्वीस मिनिटांचंच होतं. छत्तीस मिनिटं लागली तर वरच्या सहा मिनिटांसाठी कौन्सिलशी पत्रव्यवहार करायचा, म्हणजे व्यवहारात ती सोडून द्यायची. आणि आजी 'जरा बस गं' म्हणाल्या तर त्या बसण्याला रकानाच नाही.

अर्ध्या तासाहून छोटे कॉल शक्यतो देऊ नयेत, दिलेच तर ठरावीक परिस्थितीतच द्यावेत, असं तिथल्या 'नाइस' या मार्गदर्शक संस्थेने सप्टेंबर २०१५ मध्ये सांगून ठेवलंय. तरी पंधरा मिनिटांचे कॉल चालूच राहिले.

आता पैसे कोण देतं? आपल्याकडे एक समज आहे की ब्रिटनमध्ये सगळं फुकट. दवाखाना फुकट, हे खरं. पण अंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं हे तिथल्या कायद्याच्या भाषेत उपचार नाहीत, 'सोशल केअर' आहे, आणि ते इंग्लंडमध्ये फुकट नाही. ज्याची शिल्लक २३,२५० पौंडांच्या वर, त्याने स्वतः भरायचं. ही मर्यादा २०१० पासून एका पौंडानेही हललेली नाही. मात्र घरीच सेवा घेत असाल तर राहतं घर त्या हिशोबात धरत नाहीत. त्यामुळे मालकीचं घर असूनही पुष्कळ माणसं कौन्सिलच्या मदतीला पात्र ठरतात. कौन्सिल स्वतःच्या बायका क्वचितच ठेवते, ती खासगी कंपन्यांकडून तास विकत घेते.

म्हणजे बाजार आहे, विक्रेते शेकडो आहेत, पण एका गावात मोठं गिऱ्हाईक एकच. आणि भाव ते गिऱ्हाईक सांगतं.

एका तासाचा हिशोब

२०१८ च्या एप्रिलमध्ये ब्रिटनच्या होम केअर संघटनेने, तेव्हाच्या नावाने यूकेएचसीएने, जाहीर केलेला किमान दर होता तासाला १८.०१ पौंड. पौंड तेव्हा नव्वद रुपयांच्या आगेमागे होता. म्हणजे तासाला सोळाशे रुपयांच्या वर. आपल्याला हे ऐकून वाटतं, एवढे पैसे मिळून तोटा? म्हणून हिशोब उलगडून बघू. खालची मांडणी माझी आहे, संघटनेची नाही. दर आणि कायदे त्या वर्षीचे, बाकी गृहीतं सांगूनच धरतो.

कौन्सिलने घेतलेला एक तास म्हणजे अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन कॉल. दोन दारांमधलं अंतर कापायला तासामागे १२ मिनिटं धरू. कौन्सिल ६० मिनिटांचे पैसे देते, कंपनीला पगार ७२ मिनिटांचा द्यावा लागतो. प्रवासाचा वेळ हा कामाचाच वेळ, हे २०१३ मध्ये तिथल्या अपील लवादाने होम केअरच्याच एका खटल्यात स्पष्ट केलंय. कायद्याने ठरलेला किमान पगार एप्रिल २०१८ पासून तासाला ७.८३ पौंड. ७२ मिनिटांचे झाले ९.४०. त्यावर भरपगारी रजेचे १२.०७ टक्के, म्हणजे १.१३. बाई आठवड्याला तीस तासांचे कॉल करत असेल तर मालकाने भरायचा नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे सरकारी विम्याचा हप्ता, तासामागे साधारण ५५ पेन्स आणि पेन्शनचा वाटा ११ पेन्स. गाडीचे चार मैल, मैलाला ३५ पेन्सने १.४०. बेरीज १२.५९.

आता समजा कौन्सिल १५ पौंड देते. हा आकडा उदाहरणापुरता, पण त्या वर्षी तेवढा किंवा त्याखालचा दर देणाऱ्या कौन्सिली शोधायला लांब जावं लागत नव्हतं. उरले २.४१. त्यातून शाखेचं भाडं, वेळापत्रक लावणारी मुलगी, रात्रीचा फोन उचलणारी व्यक्ती, नव्या बायकांचं प्रशिक्षण, त्यांची पोलीस-पडताळणी, हातमोजे, विमा, नियामकाची फी, सॉफ्टवेअर, आजारपणाचा पगार. शिवाय सेवा व्हॅटमधून मुक्त असल्यामुळे खरेदीवर भरलेला व्हॅट परत मिळत नाही, तो अंगावरच राहतो. हे सगळं २.४१ मध्ये बसवून वर नफा काढायचा. आणि यात अजून बाईला किमान पगारावर एक पेनी जास्त दिलेली नाही. त्याच सुमारास लिडल सुपरमार्केटने लंडनबाहेर तासाला ८.७५ पौंड द्यायला सुरुवात केली होती. तिथे पॅड बदलावं लागत नाही, पावसात गाडी पुसावी लागत नाही, आणि ड्युटी संपली की संपली.

म्हणून बायका टिकत नव्हत्या. २०१७-१८ मध्ये इंग्लंडच्या एकूण सोशल केअर क्षेत्रात वर्षाला ३०.७ टक्के लोक नोकरी सोडत होते आणि एका वेळी १ लाख १० हजारांच्या आसपास जागा रिकाम्या होत्या. एक बाई गेली की तिचे कॉल दुसऱ्या गल्लीतली बाई घेते. म्हणजे १२ मिनिटांची होतात १८. पगार तोच, बिल तेच.

तोटा कोणत्या रकान्यात लपलाय, हे वर दिसलंच. दारात आणि दाराच्या आत पैसे आहेत. दोन दारांच्या मधे ते नाहीत.

रतीब

आपला दूधवाला हे गणित शाळेत न जाता जाणतो. एका गल्लीत वीस घरांचा रतीब असेल तर धंदा, आणि वीस गल्ल्यांत एकेक घर असेल तर नुसतं पेट्रोल. गावभर 'आपलाच दूधवाला' अशी पाटी लावून हा फरक मिटत नाही.

शहरातल्या मोठ्या कंपन्यांना हे कळायला बराच पैसा मोजावा लागला. मिटी ही लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेली कंपनी. इमारतींची साफसफाई, पहारा अशी कंत्राटं घेणारी. २०१२ मध्ये तिने एनारा नावाची होम केअर कंपनी ११ कोटी पौंडांना घेतली. हिशोब असा की लोक म्हातारे होतायत, मागणी वाढणारच, आणि कंत्राटं सांभाळण्यात आपला हातखंडा. २०१७ मध्ये तोच व्यवसाय तिने विकला. किंमत २ पौंड. दोन कोटी नव्हे, दोन पौंड. वर घेणाऱ्याला ९४.५ लाख पौंड दिले, हा संसार सांभाळ म्हणून. बैल विकायचा, वर वैरणीचे पैसेही आपणच द्यायचे, असला सौदा.

अलाइडची वाट फार वेगळी नव्हती. पन्नाशीपुढच्या लोकांना विमा आणि सहली विकणारी सागा ही ब्रिटनमधली प्रसिद्ध कंपनी. २०११ मध्ये तिच्या समूहाने नेस्टर आणि अलाइड या दोन शुश्रूषा कंपन्या पाठोपाठ घेतल्या आणि एकत्र केल्या. म्हातारी माणसं आपली गिऱ्हाइकं आहेतच, तर त्यांची सेवाही आपणच विकू, हा विचार. पण विम्याचं गिऱ्हाईक स्वतःच्या खिशातून देतं आणि इथलं मुख्य गिऱ्हाईक होती कौन्सिल. चार-साडेचार वर्षांत सागाचा उत्साह मावळला. २०१५ अखेरीस अलाइड ऑरेलियस या जर्मन गुंतवणूक कंपनीकडे गेली, सुमारे १ कोटी ९० लाख पौंडांना. अडचणीतले धंदे स्वस्तात घ्यायचे, ताळ्यावर आणायचे आणि विकायचे, हा ऑरेलियसचा व्यवसाय.

ताळ्यावर आणायचे म्हणजे काय करायचं, हा इथे खरा पेच. कारखान्यात यंत्र बदलता येतं. इथे आजीला कुशीवर वळवायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. ८४ कौन्सिली म्हणजे ८४ करार, प्रत्येकीचा दर वेगळा, बिलाचा नमुना वेगळा, मिनिटं मोजायची रीत वेगळी. मोठेपणाचा फायदा मिळायचा तो खरेदीत, पण हातमोजे घाऊक घेऊन किती वाचणार? एकूण खर्चाचा सिंहाचा वाटा पगार आणि प्रवासाचा, आणि त्या दोन्हींना नकाशावरच्या आकाराचं सोयरसुतक नाही. त्यांना गल्लीतली दाटी लागते.

मोठेपणाचा एक भुर्दंड मात्र नक्की होता. एप्रिल २०१७ पासून वर्षाला ३० लाख पौंडांच्या वर पगार वाटणाऱ्या मालकांवर अर्धा टक्का ॲप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणासाठीचा कर, लागली. गावातली छोटी कंपनी त्यातून सुटली, अलाइडसारखी नाही.

वरून आणि खालून

आता सरकारकडे पाहू, कारण दोन्ही टोकं तिथेच बांधलेली आहेत.

२०१० नंतर लंडनच्या सरकारने काटकसर सुरू केली. तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने मार्च २०१८ च्या अहवालात मांडलं की २०१०-११ ते २०१७-१८ या काळात कौन्सिलांना केंद्राकडून मिळणारा पैसा महागाई वजा जाता ४९.१ टक्क्यांनी घटला. कौन्सिल रस्त्याचे खड्डे न बुजवता राहू शकते, वाचनालय बंद करू शकते. पात्र म्हाताऱ्या माणसाला 'नाही' म्हणू शकत नाही, कायदा आडवा येतो. मग उरतं काय? तासाचा भाव दाबणं. मला यात कौन्सिलच्या अधिकाऱ्याचं वाईटपण दिसत नाही. त्याच्या टेबलावर एकच रक्कम आहे आणि माणसं दरवर्षी वाढतायत.

दुसऱ्या हाताने त्याच सरकारने किमान पगार वाढवत नेला. ऑक्टोबर २०१५ मध्ये ६.७० पौंड, एप्रिल २०१६ मध्ये ७.२०, २०१७ मध्ये ७.५०, २०१८ मध्ये ७.८३. अडीच वर्षांत जवळजवळ १७ टक्के. ही वाढ योग्यच होती. पॅड बदलणाऱ्या बाईला सुपरमार्केटमधल्या मुलीहून कमी मिळावं हे कुणाला पटेल? पण पगाराचा हुकूम काढणारं सरकार आणि कौन्सिलचा पैसा कापणारं सरकार एकच. दोन्ही हुकूम मधल्या कंपनीच्या वहीत येऊन भिडत होते.

डागडुजी झाली. २०१६ पासून कौन्सिलांना घरपट्टीसारख्या करावर सोशल केअरसाठी जादा दोन टक्के लावायची मुभा मिळाली, पुढे ती वाढवली. पण हा कर घराच्या किमतीवर. जिथे घरं महाग तिथे दोन टक्क्यांत भरपूर येतं. जिथे घरं स्वस्त आणि आजारी माणसं जास्त तिथे चिल्लर. मार्च २०१७ मध्ये तीन वर्षांसाठी २ अब्ज पौंड मिळाले. त्याच वेळी सोशल केअरच्या पैशाचं कायमचं काय करायचं यावर एक धोरणपत्रिका काढायचं वचन दिलं गेलं. ती येणार, येणार म्हणत २०१८ उजाडलं, सरलं. ती पत्रिका शेवटपर्यंत निघालीच नाही.

रात्रपाळीचा वादही याच दिवसांतला. ग्राहकाच्या घरी रात्री झोपायला राहणाऱ्या बाईला झोपेच्या तासांचाही किमान पगार द्यायचा का? २०१७ मध्ये लवाद म्हणाला, द्यायचा. मागच्या सहा वर्षांची थकबाकी डोक्यावर लटकली. जुलै २०१८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं ते थेट मार्च २०२१ मध्ये. बायकांच्या बाजूने पाहिलं तर हा निकाल कटूच. पण ताळेबंद मांडणाऱ्यासाठी प्रश्न वेगळा होता: ज्या खर्चाचा निकालच लागत नाही त्याची तरतूद किती करायची? आणि उद्या बुडू शकेल अशा कंपनीला बँक आज किती देणार?

पत्राआधी आणि पत्रानंतर

एप्रिल २०१८ मध्ये अलाइडने 'सीव्हीए'चा प्रस्ताव मांडला. ब्रिटिश कायद्यातली ही तडजोडीची वाट आहे: कंपनी घेणेकऱ्यांना म्हणते, सगळं आत्ता मागाल तर कुणालाच काही मिळणार नाही, थोडं सोडा, थोडं थांबा, दुकान चालू राहू द्या. मतदान करणाऱ्या घेणेकऱ्यांपैकी रकमेच्या हिशोबाने ७५ टक्के राजी झाले की ते सगळ्यांवर बंधनकारक. मे महिन्यात मंजुरी मिळाली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, वाचली.

पण अशा तडजोडीने जुनं देणं हलकं होतं, उद्याच्या तासाचा तोटा नाही. शाखेचं भाडं कमी केलं म्हणून १५ पौंडांचा दर १८ होत नाही. उलट बाजारात नाव खराब होतं. उधार देणारा रोख मागतो. नवं कंत्राट देताना कौन्सिल दोनदा विचार करते. आणि केअरर बायका वर्तमानपत्र वाचतात. निम्म्याच्या घरात होम केअर कामगार तिथे तेव्हा 'शून्य तासांच्या' करारावर होते, म्हणजे कामाच्या तासांची हमी नाही. कंपनीने त्यांना हमी दिलेली नाही, मग त्यांनी कंपनीसाठी थांबायचं कशाला? चार पौंड जास्त देणारी दुसरी कंपनी नसली तरी पन्नास पेन्स जास्त देणारी असतेच.

नियामकाकडे ही नजर ठेवायचं काम कसं आलं, त्याला आधीचा इतिहास आहे. २०११ मध्ये सदर्न क्रॉस ही वृद्धाश्रम चालवणारी अवाढव्य कंपनी कोसळली. सुमारे ३१ हजार वृद्धांना उद्या आपली खाट कुठे असेल ते ठाऊक नव्हतं. त्या धड्यातून २०१४ च्या केअर ॲक्टमध्ये तरतूद झाली, आणि एप्रिल २०१५ पासून केअर क्वालिटी कमिशनने मोठ्या, पर्याय सापडायला अवघड अशा कंपन्यांच्या आर्थिक प्रकृतीवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. धंदा कोलमडून सेवा बंद पडेल असं वाटलं तर संबंधित कौन्सिलांना कळवायचं. कायद्याने बांधलेलं कर्तव्य, मर्जीचा प्रश्न नाही. आणि कंपनी बुडाली तर माणसांची सेवा तात्पुरती चालू ठेवायची जबाबदारी कौन्सिलची, मग त्या माणसाचे पैसे आधी कौन्सिल भरत असो वा तो स्वतः.

साडेतीन वर्षांत असं पत्र पहिल्यांदाच निघालं ते अलाइडबद्दल. कमिशनच्या तेव्हाच्या मुख्य निरीक्षक अँड्रिया सटक्लिफ यांनी ते जाहीरही केलं. गंमत म्हणा की दैव, पत्राच्या बरोबर एक आठवडा आधी, २९ ऑक्टोबरला, अर्थमंत्र्यांनी पुढच्या वर्षासाठी सोशल केअरला ६५ कोटी पौंड जाहीर केले होते. तो पैसा एप्रिलमध्ये येणार होता. अलाइडचा प्रश्न नोव्हेंबरचा होता.

कंपनीने कडाडून हरकत घेतली. तिचं म्हणणं, आम्ही पैशाची सोय करतच होतो, हे पत्र घाईचं आहे आणि त्यानेच आमचं नुकसान होईल. या तक्रारीत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. बँकेच्या दारात 'ही बँक बुडू शकते' अशी पाटी लावली की बँक बुडतेच. पत्र मिळताच कौन्सिलांनी दुसऱ्या कंपन्या शोधायला सुरुवात केली, कंत्राटं हलवायला घेतली. प्रत्येक हललेल्या कंत्राटाबरोबर अलाइडचं येणं घटत गेलं. पण दुसरी बाजू पाहा. ३० तारखेच्या रात्री पैसा संपला असता आणि पत्र २८ ला गेलं असतं, तर? १ डिसेंबर २०१८ शनिवार होता. शनिवारी सकाळी सात वाजता किल्लीच्या पेटीचे आकडे कुणाला माहीत असणार होते? माझ्या मते पत्र पाठवणं बरोबर होतं. चूक असेल तर ती पत्रात नाही, ज्या व्यवस्थेत इशारा देणं हाच धक्का ठरतो त्या रचनेत आहे. नियामकाला नाडी बघायचा अधिकार दिला, सलाइन लावायचा दिला नाही.

कौन्सिलांचे ते २५ दिवस कसे गेले असतील, याची कल्पना वेळापत्रक लावणाऱ्या कुणालाही येईल. माणसांची यादी मिळवायची. कोणाला दोन बायकांचा कॉल लागतो, कोणाच्या घरी उचलायचा हॉइस्ट आहे, कोणाला इन्सुलिनच्या वेळेआधी खायला लागतंच, कोण फक्त एकाच बाईच्या हातून अंघोळ करून घेतं, हे सगळं कागदावर पुरतं नसतंच, अर्धं त्या बाईच्या डोक्यात असतं. म्हणून शहाण्या कौन्सिलांचा प्रयत्न असतो की माणसांबरोबर बायकाही नव्या कंपनीत जाव्यात. धंदा दुसऱ्याकडे गेला तर कामगार जुन्या अटींसह तिकडे जातात, असा कायदा तिथे आहेच. अडचण अशी की नव्या कंपनीलाही दर तोच मिळणार. जो तास अलाइडला परवडला नाही तो तिला परवडायचा, तर तिची गल्ली जवळची हवी.

नोव्हेंबर संपता संपता सौदा झाला. हेल्थ केअर रिसोर्सिंग ग्रुप, म्हणजे सीआरजी, या कंपनीने अलाइड विकत घेतली. १ डिसेंबरला दारं उघडली गेली.

दोष कोणाचा

सगळं खापर दरावर फोडायला मी तयार नाही. त्याच दरात, त्याच कायद्यात गावोगावच्या शेकडो छोट्या कंपन्या तग धरून होत्या. त्यांतल्या पुष्कळ जणांकडे स्वतःच्या खिशातून देणारी घरं जास्त होती. त्या घरांचा दर कौन्सिलहून वरचा, आणि कौन्सिलचा खड्डा त्या पैशाने भरला जायचा. म्हणजे एका आजीची शिल्लक शेजारच्या आजीचा कॉल चालवत होती, दोघींनाही न सांगता. अलाइडचा भर कौन्सिली आणि आरोग्य सेवेच्या कंत्राटांवर, तिला ही उशी नव्हती. आकार वाढवला की नफा येईल ही समजूत सागाची चुकली, आणि अडीच-तीन वर्षांत ताळ्यावर आणू हा ऑरेलियसचा अंदाजही. मालक दोनदा बदलले, १२ मिनिटं तिथेच राहिली.

तरीही एक गोष्ट दराच्या पदरात टाकावीच लागेल. ज्या कंपन्या नीट हिशोब करत होत्या त्या काय करत होत्या? कंत्राट परत देत होत्या. परवडत नाही, घ्या तुमची माणसं, असं कौन्सिलला सांगून बाहेर पडत होत्या. म्हणजे जो शहाणा तो निघून जातो आणि मागे राहतो तो, ज्याला तोटा अजून दिसलेला नाही किंवा दिसूनही बाहेर पडता येत नाही. असल्या बाजारात स्वस्त टेंडर भरणारा जिंकतो, आणि जिंकला म्हणूनच अडकतो.

त्यानंतरची सात वर्षं

मधल्या काळात एक दार उघडलं आणि मिटलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ब्रिटनने केअरर कामगारांसाठी परदेशी व्हिसा खुला केला. भारतातून, नायजेरियातून, झिम्बाब्वेतून माणसं गेली. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतही 'यूके केअरर व्हिसा'च्या जाहिराती फिरत होत्या आणि त्यांपायी काहींनी एजंटांना दागिने मोडून पैसे दिले. मार्च २०२४ पासून या कामगारांना बायको-मुलं बरोबर नेता येईनाशी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवी भरती बंद झाली. दर वाढवून माणसं मिळवण्याऐवजी लांबून माणसं आणून काम भागवायची ती सोयही गेली.

एप्रिल २०२५ मध्ये किमान पगार १२.२१ पौंड झाला. त्याच महिन्यात मालकाचा नॅशनल इन्शुरन्स १३.८ वरून १५ टक्क्यांवर गेला, आणि तो ज्या रकमेच्या वर लागतो ती वर्षाला ९,१०० वरून ५,००० पौंडांवर आणली. आपल्या त्याच तीस तासांच्या बाईमागे हा बदल कॉलच्या दर तासाला साधारण ५० पेन्स पडतो. अगदी छोट्या मालकांना यात वाढीव सूट मिळते, मोठ्यांना ती पुरत नाही. सरकारी दवाखान्यांना या वाढीची भरपाई मिळाली, त्यांच्यासाठी काम करणाऱ्या खासगी शुश्रूषा कंपन्यांना नाही. होम केअर संघटनेने २०२५-२६ साठी इंग्लंडचा किमान दर काढला ३२.१४ पौंड. त्याखाली देणाऱ्या कौन्सिली आजही आहेत.

वरचाच हिशोब नव्या पगाराने पुन्हा करून पाहिला. ७२ मिनिटांचे झाले १४.६५ पौंड. २०१८ च्या उदाहरणात जे १५ पौंड अख्ख्या तासाचे धरले होते, ते आता बाईच्या नुसत्या पगारात जातात. रजा, विमा, पेन्शन आणि चार मैलांचं पेट्रोल त्यात अजून धरलेलं नाही.